तीच कमांड, वेगळं उत्तर

"माझ्याकडे तर बरोबर येतंय!"

मित्रांनो, लिनक्सच्या प्रॅक्टिकलला हे वाक्य ज्याने ऐकलं नाही असा एकही माणूस आपल्या कॉलेजात सापडणार नाही. एका बेंचवर शेजारी शेजारी दोघं बसतात, बोर्डवरची कमांड अक्षर न् अक्षर तशीच टाइप करतात, आणि एकाच्या स्क्रीनवर एक उत्तर तर दुसऱ्याच्या स्क्रीनवर भलतंच! मग वादावादी. एक म्हणतो तू स्पेलिंग चुकवलंस, दुसरा म्हणतो तुझं मशीनच बिघडलंय, आणि तिसरा, ज्याला यातलं काहीच माहीत नसतं, तो म्हणतो रीस्टार्ट कर.

बहुतेक वेळा तिघंही चुकीचे असतात. स्पेलिंग बरोबर असतं, मशीन ठणठणीत असतं. फरक असतो तो कमांड ज्या वातावरणात चालते त्यात, म्हणजे एन्व्हायर्नमेंटमध्ये. आपण टाइप केलेले शब्द ही अर्धीच कमांड असते. उरलेली अर्धी आपल्या अकाउंटमध्ये दडलेली असते आणि ती स्क्रीनवर दिसत नाही.

पुढे जाण्याआधी एक सूचना. हा मराठी विभाग आहे म्हणून मी कमांडसुद्धा देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच नेहमीचं इंग्रजी स्पेलिंग वापरायचं. आणि माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाकडे जरा कानाडोळा करा, प्लीज.

एन्व्हायर्नमेंट म्हणजे 'नाव = किंमत' अशा ओळींची एक यादी. १९७९ साली आलेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीपासून ही सोय आहे. प्रत्येक प्रोसेसला तिच्या पेरेंट प्रोसेसकडून या यादीची झेरॉक्स मिळते. मुलाने झेरॉक्सवर कितीही खाडाखोड केली तरी आईची मूळ वही तशीच राहते. म्हणून एका टर्मिनलमध्ये केलेलं एक्सपोर्ट शेजारच्या टर्मिनलला कळत नाही, आणि स्क्रिप्टच्या आत बदललेलं व्हेरिएबल स्क्रिप्ट संपल्यावर जुन्याच किमतीचं दिसतं. आपली यादी बघायची असेल तर 'एन्व्ह' एवढंच टाइप करा. चाळीसएक ओळी तरी येतील. त्यातल्या निम्म्या कशासाठी आहेत हे मलाही माहीत नाही, आणि रोजच्या कामाला त्याची गरजही पडत नाही.

उत्तर वेगळं आलं की पहिला प्रश्न हा विचारायचा: आपण दोघांनी खरंच तीच कमांड चालवली का? हसू नका! आपण 'एलएस' टाइप करतो तेव्हा बॅश सरळ जाऊन एलएसचा प्रोग्राम उचलत नाही. आधी तो एलियस बघतो, मग फंक्शन, मग स्वतःच्या पोटातल्या बिल्ट-इन कमांड, आणि त्यानंतर पाथ या व्हेरिएबलमध्ये लिहिलेल्या डिरेक्टरी एकामागून एक धुंडाळतो. जे पहिलं सापडेल ते चालवतो. "कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध आण" असं सांगितल्यासारखं आहे हे. वाक्य एकच, पण तुम्ही कोणत्या गल्लीत उभे आहात त्यावर दुकान ठरतं.

याचा छडा लावायला 'टाइप -ए' आणि पुढे कमांडचं नाव. त्या नावाने जे जे काही सापडतं ते सगळं क्रमाने छापलं जातं. पुष्कळ जण यासाठी 'विच' वापरतात, पण बॅशमध्ये विच फक्त पाथ बघतं, एलियस त्याच्या गावीही नसतो. उबंटूवर 'एलएल' टाइप केलं की फाइल्सची लांबलचक यादी येते, म्हणून ती कमांड आहे असं निम्म्या वर्गाला वाटतं. तो नुसता एलियस आहे, होम डिरेक्टरीतल्या बॅशआरसी फाइलमध्ये लिहिलेला. तोच शब्द स्क्रिप्टमध्ये घातला तर 'कमांड नॉट फाउंड', कारण स्क्रिप्ट चालताना बॅश एलियस उलगडत नाही.

हे विनोदावारी नेण्यासारखं नाही. रेड हॅट घराण्यातल्या लिनक्सवर रूट युजरसाठी 'आरएम' म्हणजे 'आरएम -आय' असा एलियस आधीच करून ठेवलेला असतो, म्हणजे प्रत्येक फाइल उडवण्याआधी विचारणा होते. या विचारण्याची ज्याला सवय लागली तो दुसऱ्या अकाउंटवर जाऊन बिनधास्त आरएम मारतो आणि तिथे कोणी काही विचारत नाही! एलियस टाळून मूळ कमांड हवी असेल तर शब्दाच्या आधी उलटी तिरकी रेघ, म्हणजे बॅकस्लॅश द्यायचा.

नवीन व्हर्जन इन्स्टॉल करूनही जुनंच चालत असेल तर 'हॅश -आर' करून बघा. बॅश एकदा सापडलेला पत्ता लक्षात ठेवतो आणि पुन्हा शोधायचा आळस करतो.

आता ज्या प्रकरणामुळे हा लेख लिहावासा वाटला त्याकडे येते. गेल्या सेमिस्टरला एका विषयाच्या असाइनमेंट सर्व्हरवर अपलोड करायच्या होत्या. कोणी दिल्या नाहीत हे काढायला एक छोटी स्क्रिप्ट होती. एका फाइलमध्ये वर्गातली सगळी नावं, दुसरीत अपलोड करणाऱ्यांची नावं. दोन्ही सॉर्ट केलेल्या. मग 'कॉम' या कमांडने पहिलीत आहेत पण दुसरीत नाहीत अशी नावं वेगळी काढायची. झाली डिफॉल्टर लिस्ट! ती बोर्डावर लागली आणि त्यात माझ्या एका मैत्रिणीचं नाव. हिने तर दोन दिवस आधीच अपलोड केलं होतं, मी शेजारी बसून बघितलं होतं. ती मॅडमना सांगायला गेली. मॅडम म्हणाल्या, "अगं, यादी मी हाताने नाही बनवली, कॉम्प्युटरने काढलीये." टर्म वर्क ग्रँट झालं नाही की काय होतं ते तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. बिचारी रडकुंडीला आली.

लॅब असिस्टंट सर भले माणूस. त्यांनी स्वतःच्या अकाउंटवरून स्क्रिप्ट पुन्हा चालवून दाखवली. तर हिचं नाव गायब! पण आधी नसलेली दोन नावं हजर, आणि त्या दोघांनीही अपलोड केलेलं होतं. फाइल्स त्याच, स्क्रिप्ट तीच, डिफॉल्टर मात्र वेगळे.

इथे 'टाइप -ए' चा उपयोग झाला नाही. दोन्हीकडे कॉम एकाच जागेवरचं, व्हर्जन एकच. मग दोन्ही अकाउंटवर एन्व्हचं आउटपुट सॉर्ट करून एकेका फाइलमध्ये साठवलं आणि 'डिफ' ने तुलना केली. युजरचं नाव, होम डिरेक्टरी, चालू डिरेक्टरी हे वेगळं असणारच, ते काट मारून टाकलं. उरली एकच ओळ. मॅडमच्या अकाउंटवर 'एलसी_ऑल = सी' होतं, सरांच्या अकाउंटवर ते नव्हतं. तिथे होतं 'लँग = ईएन_आयएन.यूटीएफ-८'. सी ठेवलं की सॉर्ट वेगाने होतं, ही गोष्ट खरी आहे, त्यामुळे कोणीतरी कधीकाळी ती ओळ प्रोफाइलमध्ये टाकून ठेवली असणार.

याने नावं कशी बदलतात? सी लोकेलमध्ये अक्षरांचा क्रम म्हणजे त्यांच्या बाइटचा क्रम. ॲस्कीमध्ये कॅपिटल अक्षरं ६५ ते ९० आणि स्मॉल अक्षरं ९७ ते १२२, म्हणून सगळी कॅपिटलवाली नावं आधी आणि स्मॉलवाली नंतर. भारतीय इंग्रजीच्या लोकेलमध्ये क्रम डिक्शनरीसारखा, तिथे कॅपिटल-स्मॉलचा विचार सगळ्यात शेवटी होतो. आपल्या वर्गात काही जण नाव कॅपिटलने सुरू करतात, काही जण मोबाइलवर लिहिल्यासारखं सगळं स्मॉलमध्ये. वर्गाची यादी टर्मच्या सुरुवातीला मॅडमच्या अकाउंटवर सॉर्ट झाली होती आणि अपलोडची यादी सरांच्या.

उदाहरण घ्या. अमित आणि स्नेहा कॅपिटलने लिहिलेले, प्राची स्मॉलमध्ये. सी लोकेलमधली पहिली फाइल: अमित, स्नेहा, प्राची. दुसऱ्या लोकेलमधली दुसरी फाइल: अमित, प्राची, स्नेहा. कॉम दोन्ही फाइल्स एकेक ओळ वाचत पुढे सरकतं आणि दोन ओळी वेगळ्या दिसल्या की क्रमाने जी आधीची ती 'दुसऱ्या फाइलमध्ये नाही' असं ठरवून पुढे जातं. मागे वळून ते कधीच बघत नाही. आता सी लोकेलमध्ये कॉम चालवा. अमित जुळला. मग स्नेहा समोर प्राची. सी च्या हिशोबाने स्नेहा आधी, म्हणजे स्नेहा दुसऱ्या फाइलमध्ये नाही! स्नेहा डिफॉल्टर. आता तेच दुसऱ्या लोकेलमध्ये चालवा. स्नेहा समोर प्राची, यावेळी प्राची आधीची, म्हणून ती 'फक्त दुसऱ्या फाइलमध्ये'. मग स्नेहा-स्नेहा जुळल्या. आणि शेवटी पहिल्या फाइलमधली प्राची एकटी उरली. प्राची डिफॉल्टर! दोघींनीही असाइनमेंट दिलेली आहे, आणि दोषी कोण हे स्क्रिप्ट कोणाच्या अकाउंटवर चालली यावर ठरतं.

हातात कागद-पेन घेऊन हे एकदा स्वतः करून बघा, वाचून पटत नाही.

कॉम मात्र गप्प बसत नाही, बरं का. फाइल सॉर्टेड नाही अशी तक्रार ते करतं. सी लोकेलमध्ये दुसऱ्या फाइलबद्दल, इंग्रजी लोकेलमध्ये पहिल्या फाइलबद्दल! पण ती तक्रार स्टँडर्ड एररवर जाते, आणि स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने स्टँडर्ड एरर डेव्ह-नलमध्ये ढकलून दिला होता, आउटपुट स्वच्छ दिसावं म्हणून. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात वाईट गोष्ट ही. लोकेलचा घोळ कुणाच्याही लक्षात राहत नाही, पण सांगायला आलेल्या माणसाचं तोंड का दाबायचं?

दुरुस्ती दोन ओळींची होती. स्क्रिप्टच्या सुरुवातीला एलसी_ऑल सी करून एक्सपोर्ट करायचं, आणि दोन्ही फाइल्स त्याच स्क्रिप्टच्या आत नव्याने सॉर्ट करायच्या. डेव्ह-नल काढून टाकलं. मॅडमनी दुसऱ्या दिवशी स्वतः नवी यादी लावली. खरे चार डिफॉल्टर मात्र सुटले नाहीत, त्यांची नावं तिन्ही वेळा होती!

लोकेलची वरिष्ठता पाठ करून ठेवा, ओरलला उपयोगी पडेल. एलसी_ऑल सगळ्यात वर. ते नसेल तर त्या त्या कामाचं व्हेरिएबल, म्हणजे क्रमासाठी एलसी_कोलेट, तारखेसाठी एलसी_टाइम. तेही नसेल तर लँग. काहीच नसेल तर सी. नुसतं 'लोकेल' टाइप केलं की आत्ता काय लागू आहे ते दिसतं. एक गंमत अशी की डेबियन आणि उबंटूवर एसएसएच तुमच्या लॅपटॉपवरचं लँग आणि एलसी_ वाली व्हेरिएबल्स सोबत घेऊन सर्व्हरवर जातं. त्यामुळे दोघांनी एकाच सर्व्हरवरच्या एकाच अकाउंटमध्ये लॉगिन केलं तरी उत्तरं वेगळी येऊ शकतात.

आणि लोकेलचं नाव सारखं असलं म्हणजे झालं असंही नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये जी-लिबसीची २.२८ आवृत्ती आली आणि तिच्यात क्रम लावायचे नियम बदलले. पोस्टग्रेसक्यूएल डेटाबेसचे इंडेक्स या क्रमावर उभे असतात. ऑपरेटिंग सिस्टिम अपग्रेड केली, डेटाबेसला हात लावला नाही, तरी टेबलमध्ये असलेल्या ओळी इंडेक्सला सापडेनात. इंडेक्स नव्याने बांधावे लागले. आपल्या डिफॉल्टर लिस्टचंच हे थोरलं भावंड.

एन्व्हची तुलना करताना एक काळजी घ्या. त्या यादीत कधी कधी पासवर्ड किंवा टोकन असतात. ती जशीच्या तशी वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका.

तुलनेतून फरक भरपूर निघाले आणि कोणता दोषी ते कळेना, तर उलटीकडून या. 'एन्व्ह -आय' ने रिकाम्या एन्व्हायर्नमेंटमध्ये बॅश सुरू करता येतो, त्याला 'नोप्रोफाइल' आणि 'नोआरसी' हे दोन ऑप्शन द्यायचे म्हणजे तो कुठलीच फाइल वाचणार नाही. इथे उत्तर बदललं तर चोर नक्की घरातला आहे. मग संशयित व्हेरिएबल्सपैकी अर्धी घाला, चालवून बघा, चोर कोणत्या अर्ध्यात आहे ते ठरवा, पुन्हा त्याचे अर्धे करा. डेटा स्ट्रक्चर्सच्या तासाला झोपला नसाल तर ही बायनरी सर्च आहे हे ओळखलं असेल. वीस व्हेरिएबल्स असतील तर पाच प्रयत्नांत काम होतं.

क्रॉनचं दुखणंही याच जातीचं. हाताने चालवलेली स्क्रिप्ट चालते आणि रात्री क्रॉनने चालवलेली पडते, कारण क्रॉन ना तुमचं प्रोफाइल वाचतं ना बॅशआरसी. डेबियनच्या क्रॉनमध्ये पाथ म्हणजे यूएसआर-बिन आणि बिन, बस. तुम्ही होम डिरेक्टरीत ठेवलेला प्रोग्राम त्याला कसा सापडणार? पूर्ण पत्ता लिहा.

मग शेल. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत 'बिन-एसएच' लिहिलं म्हणजे बॅश मिळतो असं आपण धरून चालतो. ऑक्टोबर २००६ मध्ये आलेल्या उबंटू ६.१० पासून तिथे त्या नावाखाली डॅश नावाचा लहान शेल आहे. त्याला दुहेरी चौकटी कंस समजत नाहीत. 'एको -ई' केलं तर तो मायनस-ई सुद्धा इमानदारीत छापून मोकळा होतो. आणि मायनस-ई न लावता बॅकस्लॅश-एन दिलं तर डॅश नवी ओळ देतो, बॅश तेच दोन वर्ण छापतो. म्हणून स्क्रिप्टमध्ये एको सोडा आणि 'प्रिंटएफ' वापरा. मॅकवाल्यांची आणखी वेगळी तऱ्हा. २०१९ च्या कॅटालिनापासून तिथे डीफॉल्ट शेल झेडएसएच आहे, त्यात ॲरेची मोजणी शून्याऐवजी एकपासून सुरू होते. शिवाय मॅकचं 'सेड' बीएसडी घराण्यातलं असल्याने त्याच्या मायनस-आय ला बॅकअपचं एक्स्टेन्शन द्यावंच लागतं, मग ते रिकामं का असेना. याला ट्रबलशूटिंग म्हणण्यापेक्षा मॅन्युअल वाचणं म्हणावं.

एकच माणूस, एकच अकाउंट, तरीही उत्तर वेगळं, असंही होतं. एलएस टर्मिनलवर रकान्यांमध्ये छापतं आणि पाइपमध्ये एका ओळीत एक नाव देतं, कारण आउटपुट कुठे जातंय हे ते तपासतं. २०१६ साली आलेल्या कोअरयूटिल्स ८.२५ पासून नावात स्पेस असेल तर टर्मिनलवर ते नाव अवतरणचिन्हांत दिसतं. ती चिन्हं फाइलच्या नावात नसतात! माझ्या ग्रुपमधल्या एकाने ती काढून टाकायला अख्खी संध्याकाळ रीनेमची स्क्रिप्ट लिहिली.

राहता राहिली आपली मराठी. 'मराठी' हा शब्द प्रिंटएफने छापून 'डब्ल्यूसी -एम' कडे पाठवा, म्हणजे अक्षरं मोजा. यूटीएफ-८ लोकेलमध्ये उत्तर ५ येतं: म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी. सी लोकेलमध्ये तीच कमांड १५ सांगते, कारण देवनागरीचा प्रत्येक कोड पॉइंट यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचा असतो आणि सी ला बाइटपलीकडे काही दिसत नाही. आजीला विचारलं तर ती म्हणेल तीन अक्षरं, आणि तिचंही बरोबर आहे!

नावं सॉर्ट करताना तर अजूनच मजा. युनिकोडमध्ये ळ चा नंबर ल च्या लगेच नंतर आहे, आपल्या वर्णमालेत मात्र ळ येतो ह नंतर. म्हणून सी लोकेलमध्ये काळे आधी आणि कासार नंतर. वर्णमालेप्रमाणे लावलं तर कासारचा नंबर आधी लागायला हवा. क्ष ला तर युनिकोडने स्वतःचा नंबरच दिलेला नाही, तो क, हलन्त आणि ष असा तीन तुकड्यांत साठवला जातो, त्यामुळे क्षीरसागर सगळ्या क-वाल्यांच्या शेवटाकडे, पण खरे आणि खांडेकरांच्या आधी येतो. तक्त्यावर क्ष ह आणि ळ च्याही पुढे आहे. वर्गाची यादी मराठीत करून रोल नंबर द्यायचे ठरले, तर आमच्या वर्गातला क्षीरसागर आत्ताच सांगून ठेवतोय की सॉर्ट सी मध्येच करा, शेवटच्या बॅचला ओरल देण्यापेक्षा ते बरं.